गॅसवालं मिग की गॅसलेस? घरच्या कामासाठी वेल्डिंग मशीन घ्यायचंय

हौशी_सुतार

नमस्कार मंडळी. इतकी वर्षं फक्त लाकडात लुडबुड केली. आता टेबलांना लोखंडी पाय हवेत, दोन रॅक हवेत, करवतीखाली चाकांची ट्रॉली हवी आहे, आणि दर वेळी फॅब्रिकेशनवाल्याच्या मागे लागायचा कंटाळा आलाय. माणूस चांगला आहे, पण चार पायांच्या कामासाठी त्याच्या दारात किती वेळा उभं राहायचं?

माल बहुतेक २५ × २५ चा चौकोनी पाइप, जाडी १.६ ते २ मिमी. अधूनमधून ३ मिमीची पट्टी, क्वचित अँगल. ॲल्युमिनियम, स्टेनलेस काही नाही. पातळ पत्र्याचं काम सध्या नाही, पुढे निघेलही. जागा म्हणाल तर घरामागची शेड, तीन बाजू बंद, एक उघडी. माझं सुतारकाम तिथेच चालतं.

रॉडचं वेल्डिंग मित्राच्या मशीनवर करून पाहिलं. रॉड चिकटला, ओढून काढला, पुन्हा चिकटला, मग होल्डरमधूनच सुटला आणि पाइपला लटकत राहिला. म्हणून मिग, म्हणजे रॉडऐवजी रिळावरची वायर आपोआप पुढे सरकते ते वेल्डिंग. पण इथे दोन पंथ दिसतात. एक म्हणतो, गॅसशिवायचा वेल्ड म्हणजे कोंबडीनं उकरल्यासारखा. दुसरा म्हणतो, घरात सिलिंडर म्हणजे दारी बांधलेला हत्ती. मला दोन्ही झेपवायचे नाहीत. काय घेऊ?

गंजका_नट

गॅसलेस घ्या, वायर लावा, सुरू करा. घरच्या कामाला सिलिंडर कशाला? माझं गेट गॅसलेसनं केलंय, पाच वर्षं झाली, रोज आपटतं, जोड हललेला नाही.

ऐरण

गंजके नट, गेट पडलं नाही म्हणजे वेल्ड चांगला झाला असं नसतं हो. (हलकेच घ्या.)

सुतारसाहेब, बावीस वर्षं याच धंद्यात आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. आमच्याकडे मिग म्हणत नाहीत, सीओटू म्हणतात. मशीनलाही सीओटू, कामालाही सीओटू. भरीव वायर, टॉर्चच्या (हातात धरायच्या वेल्डिंगच्या पिस्तुलाच्या) तोंडातून गॅस. तापलेल्या लोखंडाला हवेतला ऑक्सिजन आणि नायट्रोजन लागू द्यायचा नाही, एवढंच त्या गॅसचं काम.

गॅसलेसमध्ये वायर पोकळ असते, आत पावडर भरलेली. ती जळली की तिचाच धूर वेल्डला झाकतो आणि वरून स्लॅगची खपली धरते. म्हणजे आपल्या रॉडचंच तत्त्व, फक्त रॉडला पावडर बाहेरून आणि इथे पोटात.

फरक कुठे पडतो सांगतो. गॅसवर तुम्ही १.६ चा पाइप जोडलात, की काच वर करायची आणि वेल्ड समोर दिसतो तसा, चकचकीत. फार तर ब्रश मारा. गॅसलेसवर आधी खपली झाडा, मग ब्रश, मग आजूबाजूला चिकटलेल्या स्पॅटरच्या गोळ्या पटाशीनं उडवा, मग रंग. तुम्ही टेबलाचे पाय करणार. माणसं टेबलाखाली वाकून बघत नसली तरी गुडघा लागतो. तिथे गोळी राहिली की कपडा फाटलाच.

खपली नीट काढली नाही तर रंग तिच्यावर बसतो, लोखंडावर नाही. मग खपली सुटली की रंगही सोबत घेऊन पडते. नव्या माणसाच्या कामात हे हमखास दिसतं.

आणि पातळ माल. १ मिमीच्या पत्र्यावर ०.६ ची भरीव वायर आणि मिश्र गॅस लावला, तर टाके (छोटे छोटे सुटे वेल्ड) मारत मारत निघून जाता येतं. तिथेच ०.८ ची गॅसलेस वायर लावली तर टाका कमी, भोक जास्त. १.६ च्या पाइपपर्यंत गॅसलेस चालतं, पण हात बसायला वेळ लागतो.

माझं मत: गॅस.

तिसरी_ठिणगी

वाचनखूण साठवली. मलाही हेच घ्यायचंय.

पान्हा_१२_१३

इन्व्हर्टरवालं साधं आर्क मशीन, रॉडवालं, घ्या हो. ६०१३ नंबरचा अडीच मिमी रॉड, झालं काम. वायर नाही, रोलर नाही, टिप नाही, लायनर नाही. बिघडायला आत आहेच काय?

हौशी_सुतार

पान्हादादा, तो रॉड अजून त्या पाइपला चिकटलेला आहे. मित्रानं तसाच आठवण म्हणून ठेवलाय.

पान्हा_१२_१३

सगळ्यांचा चिकटतो. शंभर रॉड संपवा, मग चिकटणार नाही. पण १.६ च्या पाइपवर रॉडनं शिकायचं म्हणजे पोहणं विहिरीत ढकलून शिकवण्यासारखं आहे, हे मान्य.

मीटर_रीडर

सिलिंडरला हत्ती म्हणण्याआधी त्याचा आहार मोजू.

१ किलो कार्बन डायऑक्साइडचा साधारण ५४० लिटर वायू होतो. बंदिस्त जागेत मिनिटाला १० लिटर पुरतात. म्हणजे १ किलो जवळजवळ ५४ मिनिटं चालतो, तीही टॉर्चचं बटण दाबलेली मिनिटं. मोजमाप, कापाकापी, क्लॅम्प लावणं हा वेळ यात नाही. ५ किलोचा सिलिंडर घेतला तर साडेचार तास निव्वळ आर्क (वायर आणि लोखंड यांमधली विजेची ज्योत). २५ च्या चौकोनी पाइपचा एक जोड चारी बाजूंनी भरायला २० सेकंद धरा. एका टेबलाला १६ जोड. सुमारे ५० टेबलं होतात.

मिश्र गॅस (८० टक्के आर्गॉन, २० टक्के कार्बन डायऑक्साइड हा नेहमीचा प्रकार) द्रवरूपात नसतो, नुसता दाबून भरलेला असतो. त्यामुळे तेवढ्याच आकारात कमी मावतो. १० लिटरचा सिलिंडर १५० बारला भरला तर १५०० लिटर, म्हणजे अडीच तास.

सीओटूच्या सिलिंडरवरच्या दाबाच्या काट्यावर विश्वास ठेवू नका. आत जोवर द्रव आहे तोवर काटा तिथेच उभा असतो, २० अंश तापमानाला ५७ बारच्या आसपास. द्रव संपला की धाडकन खाली येतो, आणि तो नेमका शेवटच्या जोडाच्या आधी. सिलिंडर वजनकाट्यावर ठेवून किती उरलाय ते कळतं, दुसरा मार्ग नाही. आर्गॉन मिश्रणात मात्र काटा खरं बोलतो.

म्हणून प्रश्न गॅस किती लागतो हा नाही. घरच्या माणसाचा गॅस वेल्डिंगमध्ये संपत नाही, सांध्यातून गळून संपतो. काम झालं की सिलिंडरचा मुख्य व्हॉल्व्ह बंद करायचा आणि जोडांवर अधूनमधून साबणाचं पाणी लावून बुडबुडे बघायचे. ही शिस्त तुमच्यात आहे का? माझ्यात नव्हती. दोन महिन्यांनी मशीन काढलं तर सिलिंडर रिकामा, आणि त्या दोन महिन्यांत मी एकही टाका मारलेला नव्हता.

गंजका_नट

घ्या. म्हणजे हत्ती न राबता जेवून गेला.

कानस

हौशी सुतार, एक विचारू? सगळे वेल्ड कसा दिसेल यावर बोलतायत. तुम्ही पहिल्याच पोस्टमध्ये लिहिलंय की शेडमध्ये सुतारकाम चालतं. रंधा मारता, करवत चालवता. भुसा कुठे जातो?

हौशी_सुतार

झाडून एका कोपऱ्यात पोत्यांत. बारीक भुकटी मात्र सगळीकडेच. पत्र्याखालच्या वाशांवरसुद्धा एक थर असतो.

कानस

मग गॅस की गॅसलेस हे नंतर. त्या शेडमध्ये वेल्डिंग करायचंच नाही. ग्राइंडरही नाही.

वेल्डिंगची ठिणगी दहा मीटरपर्यंत घरंगळत जाते, म्हणून तेवढ्या टप्प्यात जळेल असं काही ठेवायचं नसतं. भुशात पडलेली ठिणगी लगेच पेट घेत नाही, हा खरा धोका. ती आत धुमसत राहते, तुम्ही दिवे मालवून घरात जाता, आणि पुढचं रात्री होतं. माझ्या वर्कशॉपमध्ये हे घडलंय. भिंतीलगतचा फळीचा तुकडा होता, काम संपून अर्ध्या तासाहून जास्त वेळ झाला होता. डबा विसरले म्हणून परत गेले, तर जळका वास. फळीच्या मागे नाण्याएवढं लाल भोक पडलं होतं. धूर नाही, ज्वाळा नाही. नुसतं भोक, आणि त्याची कड पुढे सरकत होती.

म्हणजे तुम्ही वेल्डिंग करणार बाहेर, उघड्यावर. आणि उघड्यावर म्हटलं की वारा. आता परत मूळ प्रश्नाकडे या.

ऐरण

कानसताई, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. आमच्याकडे लाकूड नसतंच.

बाहेर काम असेल तर माझा निम्मा मुद्दा गेला. गॅसचं पांघरूण फार हलकं. ताशी ८ किलोमीटरच्या पुढे वारा गेला की ते उडतं. ८ म्हणजे किती? झाडाची पानं सळसळतात आणि चेहऱ्याला झुळूक जाणवते, तेवढाच. हवा मारली की वेल्डमध्ये भोकं पडतात, वरून दिसणारी आणि आत लपलेलीही. मग लोक काय करतात, गॅसचा फ्लो वाढवतात. मिनिटाला १० लिटरचा २५ करतात. त्यानं उलट होतं. गॅस नोझलमधून इतक्या जोरात सुटतो की स्वतःच भोवरे करून बाहेरची हवा आत ओढतो.

आम्ही साइटवर पत्र्याचा आडोसा करतो, पण एकट्या माणसानं दर वेळी आडोसा हलवत बसायचं म्हणजे कामापेक्षा तयारी मोठी. तिथे गॅसलेस बरं. थोडाफार वारा त्याला लागत नाही.

तिसरी_ठिणगी

मग गॅस हवाच कशाला कोणाला?

ऐरण

पातळ पत्रा, चकाचक काम, आणि दिवसभर काम. गॅसलेसचा धूर जास्त असतो. आठ तास त्यात डोकं घालून बसा, मग सांगा.

मीटर_रीडर

आणि वायरीचा हिशेब. गॅसलेस वायरीचा साधारण पाचवा हिस्सा खपलीत, धुरात आणि स्पॅटरमध्ये जातो. भरीव वायर बहुतेक सगळी वेल्डमध्ये उतरते. वर्षाला दोन-तीन किलो वायर लागणाऱ्याला फरक जाणवत नाही, रोज एक रीळ संपवणाऱ्याला जाणवतो.

शब्दखोर

अवांतर: कार्बन डायऑक्साइड वापरला तर त्याला मिग म्हणणं चूक. मिगमधला आय म्हणजे इनर्ट, निष्क्रिय वायू. सीओटू आर्कमध्ये निष्क्रिय राहत नाही, म्हणून ते मॅग, ॲक्टिव्ह. पोलाद जोडायला सीओटू वापरणं १९५३ च्या सुमारास सुरू झालं आणि तेव्हापासून हे वेल्डिंग स्वस्तात पसरलं. नाव मात्र जुनंच चिकटलं.

पान्हा_१२_१३

माझ्या रॉडसारखं.

हौशी_सुतार

कानसताई, मनापासून आभार. काल शेडमध्ये उभं राहून वर वाशांकडे बघितलं आणि पोटात गोळा आला. वेल्डिंग बाहेरच्या फरशीवर करायचं ठरवलं.

म्हणजे गॅसलेस. पण फक्त गॅसलेसवर चालणारं मशीन घेऊ, की दोन्हीवर चालणारं?

ऐरण

दोन्हीवालं. डोळे झाकून. निवडताना दार उघडून आत बघा: प्लस आणि मायनसचे दोन बोल्ट आहेत का, टॉर्चची केबल एका बोल्टवरून दुसऱ्यावर हलवता येते का. नुसत्या गॅसलेससाठीच्या स्वस्त मशीनांत काही एसीवर चालतात. त्यांचा आर्क खडखडतो, स्पॅटर विचारू नका. डीसीच घ्या.

आणि ड्यूटी सायकल वाचा. १२० अँपिअरला २० टक्के लिहिलं असेल तर दहा मिनिटांतली दोन मिनिटं वेल्डिंग आणि आठ मिनिटं पंखा. तुमच्या कामाला पुरतं, मधे पुढचा पाइप कापायला वेळ मिळतो. तुम्ही चालवाल साधारण ७० ते ९० वर, तिथे जास्तच मिळेल.

लांबलचक बारीक एक्स्टेन्शन लावू नका. २.५ स्क्वेअर मिमीची वायर असलेलं, आणि रिळावर गुंडाळलेलं असेल तर पूर्ण उलगडून. गुंडाळलेलं तापतं.

मीटर_रीडर

वायर घेताना रिळावरचा नंबर वाचा, नुसतं फ्लक्स कोअर (पोकळ, पावडरवाली) लिहिलंय म्हणून उचलू नका. ई ७१ टी-११ आणि ई ७१ टी-जीएस या गॅसशिवाय चालणाऱ्या. ई ७१ टी-१ ही पोकळच, पावडरही असते, पण तिला वरून गॅस लागतोच. एका आकड्याचा फरक. जीएस ही एकाच थराच्या वेल्डसाठी. थरावर थर द्यायचा असेल तर ११. भरीव वायर म्हणजे बहुधा ईआर ७० एस-६. तिला गॅस हवाच, गॅसलेस मशीनमध्ये घातली म्हणून ती गॅसलेस होत नाही.

कानस

कपड्यांचंही बघा. सुती, जाड, पूर्ण बाह्यांचे. टेरिकॉट नको, ते वितळून अंगाला चिकटतं. आपोआप गडद होणाऱ्या काचेचं ऑटो-डार्क हेल्मेट, काच १० किंवा ११ नंबरची. आणि जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला) पाइप फुकट मिळाला तरी घेऊ नका, नाहीतर जोडाच्या दोन्ही बाजूंचं जस्त घासून काढा. त्याचा पांढरा धूर नाकात गेला तर संध्याकाळी थंडी वाजून ताप भरतो. एक-दोन दिवसांत उतरतो, पण तो दिवस लक्षात राहतो.

पाइप पुसायला ब्रेक क्लीनर वापरू नका. काहींत क्लोरीनचं द्रावण असतं, आर्कच्या प्रकाशात आणि उष्णतेत त्याचा फॉस्जीन होतो. विषारी वायू आहे, गंमत नाही. ॲसिटोननं पुसा, पूर्ण वाळू द्या, बाटली लांब ठेवा.

हौशी_सुतार

मंडळी, मशीन आलं. दोन्हीवर चालणारं. ई ७१ टी-११, ०.८ मिमीचं १ किलोचं रीळ लावलं. काल बाहेर फरशीवर बसून पहिला वेल्ड केला.

फोटो टाकायची लाज वाटते, शब्दांत सांगतो. मुंग्यांनी पावसाच्या आधी माती काढावी तसा ढीग. पाइपमध्ये शिरलेलाच नाही, वर बसलाय. टोकापासून टोकापर्यंत गोळ्या. आवाज फट्... फट्-फट्... फट्. हातोडीनं एक टोला मारला, तर आख्खा वेल्ड पट्टीसारखा उठून हातात आला. खाली पाइपवरची कापतानाची रेघसुद्धा शाबूत!

गंजके नट, तुमचं गेट खरंच गॅसलेसनं केलंय ना?

गंजका_नट

गेटवर हात ठेवून सांगतो.

ऐरण

टॉर्च कुठल्या बोल्टवर आहे?

हौशी_सुतार

आलं तसंच आहे. दार उघडून बघतो.

...प्लसवर.

ऐरण

झालं. भरीव वायर आणि गॅस असेल तर टॉर्च प्लस, अर्थचा क्लॅम्प मायनस. गॅसलेस वायरीला उलटं: टॉर्च मायनस, क्लॅम्प प्लस. मशीन कारखान्यातून गॅसच्या जोडणीत आलं असणार. गॅसलेसला नावं ठेवणाऱ्यांपैकी निम्म्यांनी ही केबल कधी हलवलेलीच नसते. (मीही सुरुवातीला त्यांतलाच, पण हे आमच्या पोरांसमोर बोलू नका.)

प्लग काढून मगच दार उघडा.

कानस

केबल हलवाल तेव्हा वायर पुढे ढकलणारा रोलरही बघा. पोकळ वायर मऊ असते. रोलरचा दाब जास्त असेल तर ती चपटी होते, टॉर्चच्या टोकाच्या टिपमध्ये अडकते, आणि मागून ढकललं जाणारं सगळं मशीनच्या आत घरटं करून बसतं. शक्य असेल तर दातेरी रोलर लावा आणि दाब इतकाच ठेवा, की हातमोज्यात वायर घट्ट धरली तर रोलर घसरावा.

दुसरं म्हणजे टॉर्चची दिशा. स्लॅग आहे तिथे ओढायचं, ढकलायचं नाही. पुढे ढकलत गेलात तर खपली वितळलेल्या लोखंडात गाडली जाते. वायर टिपच्या बाहेर १५ मिमीच्या आसपास ठेवा. गॅसवर १० पुरते, इथे थोडी लांब लागते, बाहेर येता येता वायर तापते आणि आतली पावडर नीट पेटते.

मीटर_रीडर

आणि आवाज ऐका. जमलं की सलग येतो, जाड कापड टरकावल्यासारखा. फट्-फट् म्हणजे वायरीचा वेग आणि व्होल्टेज यांचं जमत नाहीये. दाराच्या आतल्या तक्त्यावरून सुरुवात करा, मग एका वेळी एकच बटण हलवा. दोन्ही एकदम हलवलीत तर कशामुळे सुधारलं ते कळणार नाही.

हौशी_सुतार

केबल हलवली. दाब सैल केला. ओढत वेल्ड केला.

वेगळंच मशीन आहे असं वाटलं. ठिणग्या निम्म्यावर आल्या. खपली थंड होताना आपोआप टिचली आणि टोकाला जरा हातोडी लावली तर लांब सालीसारखी निघाली. खाली राखाडी, खवल्याखवल्यांची ओळ. सरळ नाही म्हणा, मधे एका जागी लांडोर नाचल्यासारखी वळलीय, पण पाइपमध्ये शिरलीय. तुकडा शेगड्यात धरून हातोडीनं वाकवला, पाइप दुमडला, जोड सुटला नाही.

काल वाया गेलेला तो सुटा वेल्ड खिळ्याला टांगून ठेवलाय. मित्राकडचा रॉड, माझ्याकडे हा.

पान्हा_१२_१३

शेगडा की व्हाइस? शेगड्यात धरलंत तर टेबल पेटेल. 😀

हौशी_सुतार

व्हाइस हो. घाईत लिहिलं.

तिसरी_ठिणगी

पाइपला भोकं पडत नाहीत का? माझा १.६ चा आहे, मी घेतलं मशीन परवा. कोपऱ्याला आलं की धबाक.

ऐरण

कोपऱ्याला उष्णता जायला जागा नसते. तिथून सुरू करून सपाट भागाकडे जा, उलट नको. सलग भरू नका. समोरासमोरच्या बाजू आलटून पालटून घ्या, चौकट वाकणारही नाही. आधी चारी कोपऱ्यांना टाके, काटकोन तपासा, कर्ण मोजा, मगच भरा. टाका मारला की पाइप आकसून त्या बाजूला ओढला जातो. सुतार लोकांना हे पटत नाही, त्यांना वाटतं क्लॅम्प लावला म्हणजे हलणार नाही. क्लॅम्प काढा, मग बघा कसं तोंड फिरवतं ते.

पाइपमध्ये फट असेल तर आधी घासून बसवा. वेल्डनं फट बुजवायला गेलात की भोक मोठं होतं.

कानस

आणि रीळ बाहेर ठेवू नका. दमट हवेत पोकळ वायर गंजते, आतली पावडर ओल धरते, मग वेल्डवर अळीनं खाल्ल्यासारख्या खाचा दिसतात. काम झालं की काढून घट्ट पिशवीत.

हौशी_सुतार

बऱ्याच दिवसांनी धागा वर काढतोय. ट्रॉली झाली, दोन रॅक झाले, तीन टेबलांचे पाय झाले. अजून ते पहिलं रीळ संपलेलं नाही. मोकळ्यावर काम, शेजारी पाण्याची बादली, आणि संपल्यावर तासभर तिथेच बसून पाइप घासत राहतो, कानसताईंच्या फळीची आठवण ठेवून.

आता पातळ पत्रा आला. भुसा खेचायच्या यंत्राला १ मिमीच्या पत्र्याचा हूड करायला घेतला. ऐरणदादा म्हणाले होते तसंच झालं, टाका कमी, भोक जास्त. व्होल्टेज खाली आणलं, टिपटिप टाके मारले, पत्र्यामागे तांब्याची पट्टीही धरली. थोडं सुधारलं. पण तिसऱ्या कडेला पोचेपर्यंत पत्र्याची नौका झाली होती.

ऐरण

मग? सिलिंडर आणला?

हौशी_सुतार

नाही. पॉप रिव्हेट मारले.

ऐरण

हा हा. बरोबर केलंत. एका हूडसाठी रेग्युलेटर, नळी, ०.६ ची वायर, वेगळा रोलर आणि केबल उलटी, एवढा खटाटोप कोण करणार? असे चार-पाच हूड निघाले तर मिश्र गॅस घ्या. तोही भिंतीला साखळीनं बांधून, उभा. बंद खोलीत किंवा खड्ड्यात नको, आर्गॉन आणि सीओटू दोन्ही हवेपेक्षा जड, खाली साचतात, वास येत नाही, माणूस गुदमरतो.

गंजका_नट

म्हणजे शेवटी गॅसलेसच जिंकलं. मी पहिल्याच प्रतिसादात सांगितलं होतं.

कानस

तुम्ही कारण नव्हतं सांगितलंत.

हौशी_सुतार

एक शंका राहिली. मशीनच्या मागे गॅसची नळी जोडायचं पितळी तोंड आहे, त्याला टोपी नव्हती. काल बघितलं तर त्यात कुंभारमाशीनं मातीचं घर करून तोंड लिंपून टाकलंय. पुढेमागे गॅस लावायचा झाला तर अडचण येईल का?

ऐरण

येईल. आत सोलेनॉइड व्हॉल्व्ह (गॅस उघडणारी-बंद करणारी विजेवरची झडप) असतो, त्यात माती गेली की बसला. आत ढकलू नका आणि हवाही मारू नका. प्लग काढा, मशीन तोंड खाली करून धरा आणि बारीक तारेनं माती बाहेरच्या बाजूला उकरा. मग प्लास्टिकची टोपी बसवा, नाही मिळाली तर चिकटपट्टी.

हौशी_सुतार

उकरली. आत दोन अळ्या होत्या. चिकटपट्टी लावली.